बारमाही फुलझाडे आणि त्यांची निगा

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या परसात फुलझाडे लावली जात, ती प्रामुख्याने देवपूजेसाठी. आणि पूजा ही रोजची बाब असल्यामुळे, वर्षातून एकदा आठपंधरा दिवस बहरून उरलेला काळ नुसत्या काटक्या मिरवीत उभ्या राहणाऱ्या झाडापेक्षा, रोज सकाळी परडीत चार फुले घालणाऱ्या झुडपाला तेथे साहजिकच अग्रमान मिळे. गणपतीसाठी तांबडी जास्वंद, महादेवासाठी पांढरी तगर, कुंपणाच्या कडेला कण्हेर, विहिरीच्या ओलाव्याला अनंत आणि फाटकापाशी कुंती, अशी ही मांडणी कोणा उद्यानशास्त्रज्ञाने आखून दिलेली नव्हती. तरीही ती शास्त्राच्या कसोटीस बव्हंशी उतरते, कारण ही सर्व झुडपे सदाहरित आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला आपापल्या गरजेची जागा मिळालेली होती. आता परसाची जागा सोसायटीच्या आवाराने किंवा गच्चीवरील कुंड्यांनी घेतली आहे. झाडे तीच राहिली, परंतु त्यांच्याविषयीच्या तक्रारी मात्र वाढल्या. पाने पिवळी पडतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात, झाड माजते पण फुलत नाही, या त्या तीन तक्रारी होत. त्या तिन्हींच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट आढळते: झाडाचा स्वभाव न पाहता आपल्या सोयीने, आणि अनेकदा आपल्या उत्साहाने, त्याला काहीबाही देत राहणे.

सदाहरित झाडाची पाने गळत नाहीत, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. त्या झाडाच्याही प्रत्येक पानाला आयुष्याची मुदत असते. फरक इतकाच की सगळ्या पानांची मुदत एकाच वेळी संपत नाही, आणि जुने पान गळण्यापूर्वी नवे पान कामाला लागलेले असते. पळस किंवा सावर माघ-फाल्गुनात आपला पर्णसंभार उतरवून ठेवतात व उन्हाळ्यातील पाण्याचा खर्च वाचवतात. सदाहरित झुडपाला ही सवलत नाही. वैशाखातल्या भर दुपारीही त्याच्या पानांतून बाष्प बाहेर पडतच असते, आणि म्हणून त्याच्या पाण्याचा, अन्नाचा व विश्रांतीचा हिशेब बारा महिन्यांचा ठेवावा लागतो.

हा खर्च आटोक्यात ठेवण्याची प्रत्येक झुडपाची तऱ्हा निराळी असते. कण्हेरीचे एक पान तोडून हातात घ्यावे. ते चिवट, अरुंद आणि चामड्यासारखे लागते. देठाशी चिकाचा थेंब जमतो. आणि खालची बाजू भिंगाखाली धरली, तर तेथे बारीक खळगे दिसतात. पानाची श्वसनरंध्रे या खळग्यांच्या आत, सूक्ष्म केसांच्या आडोशाला असतात, त्यामुळे गरम वारा त्यांच्यावरून थेट वाहू शकत नाही आणि बाष्पाचा व्यय मर्यादित राहतो. महामार्गांच्या दुभाजकांवर, जेथे वरून ऊन व खालून तापलेले डांबर आणि पाणी मात्र टँकर येईल तेव्हाच, अशा ठिकाणी बोगनवेलीच्या जोडीला कण्हेर टिकते, ती या रचनेच्या बळावर. उलट अनंताचे पान रुंद, तुकतुकीत व कोवळे असते. त्याचे मूळ स्थान चीनच्या दमट प्रदेशात आहे, आणि दख्खनच्या पठारावरील कोरड्या वाऱ्याशी त्याचे पिढीजात वैर असावे, असे त्याच्या करपलेल्या कडा पाहून वाटते.

आपल्या अंगणातील ही मंडळी अशी निरनिराळ्या मुलखांतून आलेली आहेत. जास्वंद पूर्व आशियाकडची मानली जाते. लिनीयसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव देताना तिची ओळख चीनचा गुलाब अशीच नोंदवली. अनंताच्या प्रजातीला अठराव्या शतकातील अलेक्झांडर गार्डन या अमेरिकेत वास्तव्य केलेल्या स्कॉटिश वैद्याचे नाव मिळाले आहे. पण त्याच प्रजातीतील एक रानटी भाऊबंद, म्हणजे ज्याचा उग्र वासाचा राळेसारखा डिंक लहान मुलांच्या औषधात वापरला जातो तो डिकेमाली, आपल्याच रानात वाढतो. तगर, कुंती आणि कोकणात बकोरा म्हणून ओळखला जाणारा एक्झोरा ही तर या भूमीचीच झुडपे होत. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याच्या, १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथात जास्वंद, तगर व एक्झोरा या तिघांचीही चित्रे आहेत, आणि त्या ग्रंथासाठी माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते, ही गोष्ट मराठी व कोकणी वाचकाने विसरू नये अशी आहे.

आता पहिली तक्रार, पिवळ्या पानांची. तिचे उत्तर पाण्यात किंवा खतात शोधण्याआधी जमिनीत शोधले पाहिजे. कोकणातील जांभ्यापासून बनलेली तांबडी माती आम्लधर्मी असते. वर्षाकाठी दोनतीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातील चुना धुऊन नेतो आणि लोह मागे उरते. पठारावरील काळी माती याच्या उलट: तिच्यात चुनखडी असते, आणि शेतकरी ज्याला जमिनीचा सामू म्हणतात तो तेथे बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान भरतो. अनंत व एक्झोरा यांना सामू साधारण साडेपाच ते साडेसहा असला म्हणजे मानवतो. रत्नागिरीच्या अंगणात काळ्याभोर हिरव्या पानांनी डवरलेले अनंताचे रोप सोलापूरला आणून लावले की सहा महिन्यांत पिवळे पडते, त्याचे कारण सोलापूरच्या मातीत लोह नाही हे नव्हे. लोह तेथेही विपुल आहे. परंतु चुनखडीच्या सान्निध्यात ते न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकून पडते आणि मुळांना त्याचा उपयोग होत नाही.

ही व्याधी ओळखण्याची खूण सोपी आहे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडली असून शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, पानावर हिरव्या रेषांची जाळी काढल्यासारखी दिसत असेल, तर लोहाची उणीव समजावी. खालची, जुनी पाने सरसकट फिकट होत असतील, तर नत्राची उणीव समजावी, कारण नत्र जुन्या पानातून नव्याकडे वळवता येते. लोह तसे वळवता येत नाही. आणि सगळेच झाड निस्तेज होऊन पाने मलूल लोंबत असतील, माती मात्र ओली असेल, तर मुळे कुजू लागली आहेत असे मानावे. या तिन्ही अवस्थांवर लोक एकच इलाज करतात, तो म्हणजे आणखी पाणी आणि आणखी खत. आणि तिन्हींत तो फसतो.

लोहाच्या उणिवेवर हिराकस हा जुना व स्वस्त उपाय आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात थोडा लिंबाचा रस घालून सकाळी किंवा सायंकाळी पानांवर फवारावे, आणि पंधरवड्याच्या अंतराने दोनतीन वेळा ते पुन्हा करावे. तेच हिराकस चुनखडीच्या जमिनीत टाकले, तर तेथील चुना त्यालाही लवकरच निकामी करतो. म्हणून फवारणीच श्रेयस्कर. मुळावरचा उपाय करावयाचा असेल, तर गंधकाची भुकटी व भरपूर कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. मातीतील जीवाणू गंधकाचे सावकाश आम्लात रूपांतर करतात, परंतु या कामाला महिने लागतात. येथे कूपनलिकेच्या पाण्याकडेही लक्ष दिले पाहिजे. त्या जड पाण्यातून रोज थोडाथोडा चुना कुंडीत साचतो, आणि वर्षभरात उत्तम माती बिघडून जाते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की हा दाखला पुरेसा समजावा, आणि निदान अनंतासाठी तरी पावसाचे पाणी साठवून वापरण्याची तजवीज करावी.

लागवडीचा उत्तम हंगाम म्हणजे मृगाचे एकदोन पाऊस होऊन जमीन निवल्यानंतरचा. दीड फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. मग वरची माती, शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड यांनी तो भरावा. काळ्या जमिनीत मात्र खड्डा हाच शत्रू ठरण्याचा संभव असतो, कारण चिकण मातीत खणलेल्या व भुसभुशीत मिश्रणाने भरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी हौदासारखे साठते. अशा ठिकाणी वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यावर झुडूप लावणे शहाणपणाचे. जास्वंदीची रोपे घरच्या घरी होतात: पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पक्व फांदी पावसाळ्यात छाटून, खालची पाने काढून, सावलीतल्या ओल्या मातीत खोचली की पुष्कळदा ती महिनाभरात मूळ धरते. अनंताला गुटी कलम अधिक खात्रीचे.

दुसरी तक्रार कळ्या गळण्याची, आणि ती विशेषतः जास्वंदीच्या वाट्याला येते. जास्वंदीचे साधे फूल एकच दिवस टिकते, म्हणजे रोज फूल हवे असेल तर झाडावर निरनिराळ्या वयाच्या कळ्यांची रांग सतत लागलेली असली पाहिजे. एखाद्या आठवड्यात घरचे लोक गावाला गेले, माती कोरडी ठणठणीत झाली, आणि परत आल्यावर अपराधी भावनेने सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या, की झाड प्रथम आपल्या कळ्यांचा भार उतरवते. पाणी कमी किंवा जास्त असण्यापेक्षा ते अनियमित असणे अधिक बाधते. पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. द्यावयाचे तेव्हा सावकाश व भरपूर द्यावे, म्हणजे ओल खोलवर जाते व मुळेही तिच्यामागे खोल उतरतात. रोज वरवर शिंपडल्याने मुळे पृष्ठभागाशीच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात होरपळतात. आळे खोडाला चिकटून नसावे, फांद्यांच्या घेराइतके रुंद असावे, आणि त्यात वाळलेल्या पालापाचोळ्याचे तीन बोटे जाडीचे आच्छादन असावे. पाचोळा जाळून वर बाजारातून खत विकत आणणे, हा आपल्या शहरांतील एक अनाकलनीय व्यवहार आहे.

कुंतीच्या बाबतीत पाण्याची नीती थोडी निराळी ठेवावी लागते. ती संत्र्यामोसंब्यांच्या कुळातली, कढीलिंबाची जवळची नातेवाईक. विदर्भातील बागायतदार संत्र्याला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडून झाडाची वाढ थांबवतात व नंतर पाणी किंवा पाऊस मिळाल्यावर बहार धरतात. त्याच कुळधर्मानुसार कुंतीही कोरड्या दिवसांनंतर वळवाचा पाऊस पडला की थोड्याच दिवसांत एकदम पांढरीशुभ्र फुलते, आणि तिचा सुगंध रात्री अवघ्या आळीत दरवळतो. पण हेच कुळ तिला एका ठिकाणी वर्ज्यही ठरवते. संत्र्यावर पडणारी व ग्रीनिंग रोग पसरविणारी सायला ही कीड कुंतीवर आनंदाने वाढते. म्हणून संत्र्याच्या बागेला कुंतीचे कुंपण करू नये.

तिसरी तक्रार, झाड वाढते पण फुलत नाही, ही बहुतांशी उन्हाची, खताची आणि कात्रीची आहे. जास्वंदीला निदान पाचसहा तास ऊन हवे. उत्तरेकडच्या गॅलरीत ती हिरवी राहील, फुलणार नाही. नत्रयुक्त खताचा मारा केला, तर ती पाने व फांद्या यांवरच सगळी शक्ती खर्च करील. शेणखत वर्षातून दोनदा, जूनच्या आरंभी व ऑक्टोबरात, आणि मधूनमधून मूठभर निंबोळी पेंड, एवढ्यावर जमिनीतील झुडपाचे समाधान होते. कुंडीतील झाडाला मात्र थोडे थोडे पण वारंवार द्यावे लागते, कारण दर पाण्याबरोबर तेथील सत्त्व तळाच्या छिद्रातून वाहून जाते.

छाटणीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. वाढत्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होते व ते खाली वाहत येऊन बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवते. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून १९२८ साली ज्याचे अस्तित्व सिद्ध केले, ते हेच ऑक्सिन. शेंडा खुडला की त्याचा अंमल संपतो, खालचे दोनतीन डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोनतीन फांद्या येतात. जास्वंद, तगर, कण्हेर व एक्झोरा या सर्वांची फुले नव्या फुटीवर येत असल्यामुळे, जितक्या नव्या फांद्या तितकी फुलांना जागा, हे गणित सरळ आहे. थंडी सरताना, फेब्रुवारीच्या अखेरीस, झाडाच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक न कापता मुख्य छाटणी करावी आणि पावसाळा ओसरल्यावर हलकी हात फिरवणी करावी. भर वैशाखात छाटले तर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. मुसळधार पावसात छाटले तर ओल्या जखमेतून बुरशी शिरून फांदी शेंड्याकडून वाळत येते. सिकेटर धारदार असावे, काप तिरका व बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर असावा.

अनंत या नियमाला अपवाद समजावा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्यात येणाऱ्या त्याच्या बहराची तयारी फांद्यांच्या टोकांशी आधीपासून चाललेली असते. उन्हाळ्याच्या तोंडावर नीटनेटकेपणाच्या हौसेने ती टोके कापली, तर त्या वर्षीची फुलेच कापली जातात. त्याची छाटणी बहर संपताच करावी. आणि कुंतीची जी कुंपणे सरकारी कचेऱ्यांच्या व गृहसंस्थांच्या आवारांत दर पंधरवड्याला मोठ्या कात्रीने भिंतीसारखी सपाट केली जातात, त्यांना फुले का येत नाहीत हे वेगळे सांगण्याची गरज नाही: कळी धरण्याइतके वय त्यांच्या एकाही फांदीला मिळत नाही.

कीटकांविषयी बोलताना थोडे तारतम्य हवे. जास्वंदीच्या शेंड्याशी कापसासारखे पुंजके दिसले आणि पाने आकसून गाठाळली, तर तो पिठ्या ढेकूण होय. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंगळे त्याचे रक्षण करतात, त्यामुळे खोडावर मुंगळ्यांची रांग लागली की वर पाहावे, हा चांगला नियम आहे. बाधित शेंडे छाटून नष्ट करावेत, पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि मग पाच टक्के निंबोळी अर्क द्यावा. द्राक्षबागायतदार याच किडीसाठी क्रिप्टोलेमस नावाचा ऑस्ट्रेलियन मित्रकीटक सोडतात. घरोघर जहाल विष फवारल्याने असे मित्र आधी मरतात.

तगरीवर व कण्हेरीवर कधी बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी आढळते. डोक्यामागे दोन निळसर पांढरे टपोरे ठिपके, जणू डोळेच, आणि शेपटाशी एक लहानसे शिंग. तिला डिवचले की पुढचा भाग आखडून ती ते ठिपके फुगवते आणि पाहणारा दचकतो. या झुडपांचा विषारी चीक ती खुशाल पचवते, दोनचार फांद्या बोडक्या करते, मग तपकिरी होऊन जमिनीवर उतरते व पाचोळ्यात कोष करते. त्यातून हिरव्या-गुलाबी नक्षीचा एक अतिशय देखणा पतंग बाहेर पडतो. अशा दोनचार अळ्यांसाठी औषधाची बाटली उघडू नये. तगर तेवढी पाने पुन्हा काढते.

विषाचा उल्लेख आलाच आहे, तर एक इशारा देणे कर्तव्य आहे. कण्हेरीची पाने, फुले, मुळे, साल व चीक, सर्व काही विषारी असून त्यातील द्रव्य थेट हृदयाच्या गतीवर परिणाम करते. पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्या मुले खेळायला घेतात, तीही तितकीच घातक आहे. जेथे लहान मुले किंवा गुरे वावरतात तेथे ती लावू नये, छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नयेत, व त्या जाळून धूर अंगावर घेऊ नये.

सारांश असा की रोपवाटिकेत फूल पाहून झाड विकत घेण्यापेक्षा आपली माती, आपले पाणी आणि आपले ऊन पाहून ते घ्यावे. पठारावरील काळ्या जमिनीत जास्वंद, तगर, कुंती व, मुले-गुरे नसतील तेथे, कण्हेर यांवर भरवसा ठेवावा. अनंत हवाच असेल, तर त्याला कुंडी, तांबडी माती, पावसाचे पाणी आणि दुपारची सावली द्यावी. कोकणात आणि गोव्यात मात्र अनंत व एक्झोरा यांना पहिली पसंती द्यावी. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारख्या उद्यानात एकदा सावकाश फेरी मारली, तर ही झुडपे पूर्ण वाढल्यावर किती जागा व्यापतात याचा अंदाज येतो. तो अंदाज घेऊनच अंतर ठरवावे. दहा झुडपे दाटीने लावून दहांचीही आबाळ करण्यापेक्षा तीन लावावीत आणि त्यांच्याकडे रोज पाच मिनिटे नीट पाहावे. परडीत फुले त्यांचीच अधिक पडतील.